सेट सगळ्यात शेवटी घ्या: हौसेचं वायरलेस स्टेशन उभं करताना

"कुठला वायरलेस सेट घेऊ?" सगळ्यांची सुरुवात याच प्रश्नाने होते, माझीही झाली होती, आणि दहा जणांना विचारलं की अकरा मॉडेलं कळतात. आता कोणी हे विचारलं की मी उलटा प्रश्न टाकतो, बोलायचंय कोणाशी? बहुतेक जण गडबडतात, कारण इतका विचारच केलेला नसतो, डब्यावरचं चकचकीत चित्र बघून मन भुललेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच की हे काम उलट्या टोकाने करायचं. आधी समोरचा माणूस किती लांब आहे ते ठरवा, त्यावरून बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, ठरतो, बँडवरून अँटेना, अँटेनावरून केबल, आणि हे सगळं झालं की मग सेट. सेटपासून सुरुवात करणं म्हणजे आधी कळस मग पाया. मी कळस आधी घेतला होता म्हणून हे सगळं लिहितोय.

लांब म्हणजे किती लांब?

ट्रेकला चारपाच जण जातायत, पुढचा आणि मागचा यांच्यात एखाद-दोन किलोमीटर अंतर, एवढंच काम असेल तर परीक्षा-बिरीक्षा काही नको. बऱ्याच देशांत विनापरवाना वापरता येतील असे छोटे सेट असतात, युरोपात ४४६ मेगाहर्ट्झवरचे अर्ध्या वॅटचे पीएमआर सेट, अमेरिकेत एफआरएस, आणि २७ मेगाहर्ट्झवरचा जुना सीबी बँड. एका देशात चालतं ते दुसरीकडे चालतंच असं नाही, त्यामुळे आपल्याकडचा नियम बघा, जोडी घ्या, सेल भरा, संपला विषय. पीएमआर-एफआरएस सेटची अँटेना फिक्स असते, बदलता येत नाही, त्यामुळे पुढचं अर्धं पुराण तुम्हाला लागणारच नाही.

गाव-शहर आणि आसपासचा टापू हवा असेल तर हॅम रेडिओचे, म्हणजे लायसन्सवाल्या हौशी लोकांचे, व्हीएचएफ-यूएचएफ बँड, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झपासूनचा दोन मीटर आणि ४३० च्या आसपासचा सत्तर सेंटीमीटर (ही नावं वेव्हच्या लांबीवरून). आणि समुद्रापलीकडच्या माणसाशी गप्पा मारायच्या असतील तर एचएफ, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ. या दोन्हीला लायसन्स लागतं, परीक्षा द्यावी लागते, मग कॉलसाइन (रेडिओवरची तुमची ओळख) मिळतो. परीक्षेला घाबरू नका, थोडं ओहमचं गणित, थोडे नियम, थोडी सुरक्षितता. मात्र लायसन्स हातात येईपर्यंत पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, बोट लावायचं नाही. नुसतं ऐकण्याचे नियमसुद्धा देशोदेशी वेगळे आहेत, तेही बघून घ्या.

डब्यावर लिहिलेल्या रेंजवर विश्वास ठेवू नका. व्हीएचएफ साधारण सरळ रेषेत जातं आणि त्याचं क्षितिज काढायची एक सोपी रीत आहे, अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. हातातला सेट जमिनीपासून दीड मीटरवर असतो, म्हणजे क्षितिज ५ किलोमीटर. समोरच्याचं पण ५. दोघं मिळून १०, तेही सपाट मैदानात, मध्ये झाड नाही की घर नाही. दाट वस्तीत दोन किलोमीटर मिळाले तरी नशीब समजा. आता एकाने अँटेना १६ मीटरवर नेली की त्याचं क्षितिज साडेसोळा, दोघांत मिळून २१ च्या वर. वॅट तेवढेच, फक्त उंची बदलली. डब्यावरचे ते "५० किलोमीटर" म्हणजे या डोंगराच्या टोकावरून त्या डोंगराच्या टोकावर. खोटं नाही अगदी, पण आपल्या कामाचंही नाही.

याचंच दुसरं टोक म्हणजे अंतराळ स्थानक. ते साधारण ४०० किलोमीटर वरून जातं, आणि तिथल्या हॅम स्टेशनचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा आवाज साध्या हँडीवर, म्हणजे हातातल्या सेटवर, येतो, कारण मध्ये अडवायला काहीच नाही. शेजारच्या गल्लीतला मित्र ऐकू येत नाही आणि अंतराळवीर येतो, हे एकदा अनुभवलं की उंची आणि अडथळा हे दोन शब्द कायमचे डोक्यात बसतात.

एचएफचं गणित निराळं. तिथे सिग्नल वर आयनोस्फिअरपर्यंत (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरापर्यंत) जाऊन परत खाली येतो, त्यामुळे पाच हजार किलोमीटरवरचा माणूस स्पष्ट आणि पन्नास किलोमीटरवरचा गायब असं होऊ शकतं. दिवसा २० मीटर बँड, संध्याकाळनंतर ४० मीटर, हा ढोबळ हिशोब. सूर्याच्या साधारण ११ वर्षांच्या चक्रावर वरचे बँड उघडतात-मिटतात, कधी एखाद्या दिवशी सगळंच मेलेलं असतं आणि तुम्ही उगाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसता.

आधी कान

काहीही विकत घ्यायच्या आधी महिनाभर ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून फिरवता येणारा रिसीव्हर, ब्राउझरमध्ये उघडतो, सगळा शॉर्टवेव्ह पट्टा फुकटात फिरवता येतो. आपल्याच छपरावरचं ऐकायचं तर आरटीएल-एसडीआर नावाचा यूएसबी डोंगल आहे, मुळात टीव्ही बघायचा डोंगल, पण त्यातली चिप वाट्टेल ते ऐकू शकते हे २०१२ च्या सुमाराला हौशी मंडळींच्या लक्षात आलं आणि तिथून सगळ्यांची चंगळ सुरू झाली. ऐकून दोन गोष्टी कळतात. एक, तुमच्या भागात खरंच कुठे गजबज आहे, रिपीटर (उंचावरून आपला आवाज पकडून पुढे सोडणारं स्टेशन) चालू आहे की नुसता यादीत आहे. दोन, लोक कसं बोलतात, मध्येच कसे शिरतात, कॉलसाइन कधी देतात, कोण किती वेळ माइक सोडत नाही (असा एक जण प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर असतोच).

अँटेना, म्हणजे खरं स्टेशन

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अँटेनाने जे पकडलंच नाही ते कितीही भारी सेट लावा, ऐकू येणार नाही.

वॅटच्या मागे धावणाऱ्यांसाठी हिशोब. ५ वॅटवरून ५० वर गेलात की १० डीबी (डेसिबल, सिग्नल किती पट झाला याचं माप) मिळतात. सिग्नल मीटरवरचा एक एस-युनिट म्हणजे ६ डीबी. म्हणजे दहापट पॉवर ओतून समोरच्याच्या मीटरवर काटा पुरते दोन घरसुद्धा सरकत नाही. आणि ही वाढ फक्त बोलताना, ऐकण्यात शून्य फरक. तेच खोलीतली अँटेना गच्चीवर नेली तर कित्येकदा यापेक्षा जास्त फरक पडतो, दोन्हीकडून.

पहिली अँटेना घरी करा. दोन मीटरची पाव-वेव्ह ग्राउंड प्लेन एका दुपारचं काम आहे. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की वेव्हची लांबी मीटरमध्ये मिळते, १४५ साठी २.०७ मीटर, त्याचा पाव भाग ५१.७ सेंटीमीटर, आणि प्रत्यक्षात तार त्याहून ५ टक्के आखूड लागते, म्हणजे साधारण ४९. एक एसओ-२३९ सॉकेट घ्या, चार कोपऱ्यांना स्क्रूची भोकं असतात तो चौकोनी. मधल्या पिनेवर ४९ सेंटीमीटरची ताठ पितळी किंवा तांब्याची सळई उभी सोल्डर करा, चार भोकांना ५१-५२ सेंटीमीटरच्या चार सळया लावा आणि त्या खाली ४५ अंशात वाकवा. वाकवायचं का, तर आडव्या ठेवल्या तर इम्पिडन्स (अँटेनाचा एसी करंटला होणारा विरोध) ३५ ओहमच्या आसपास राहतो, खाली झुकवल्या की ५० कडे सरकतो, आणि आपली केबल, सेट सगळं ५० ओहमचं असतं.

उभी सळई कापताना मात्र आधी ५१ ची कापा, मीटर लावून बघा, मग अर्धा-अर्धा सेंटीमीटर उडवत जा. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप (१ म्हणजे काहीच नाही), सगळ्यात कमी जिथे येतोय ती फ्रिक्वेन्सी हवी त्यापेक्षा खाली असेल तर सळई लांब आहे, कापा. वर असेल तर जास्त कापलीत, आता नवी घ्या. मी पहिल्यांदा थेट ४७ ला आणली होती, कापलेला तुकडा परत चिकटत नाही एवढं शिकायला मला एक सळई लागली.

गच्ची नसेल तर? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं हेच रडगाणं असतं. बाल्कनीच्या बाहेर दांडीवर ही ग्राउंड प्लेन बसते. गुंडाळी करता येणारी जे-पोल अँटेना खिडकीच्या वरून लटकवता येते, तिला रेडियल, म्हणजे त्या खालच्या झुकत्या सळया, लागत नाहीत. गाडीची चुंबकवाली अँटेना घरात वापरायची तर तिच्याखाली लोखंडी पत्रा हवाच, लाकडी कपाटावर ठेवून ती काम करत नाही नीट. आणि नुसती हँडीच असेल तर ४९ सेंटीमीटरची साधी वायर अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या कडीला जोडून खाली लोंबती सोडा. दिसायला शेपूट, काम चोख. सेटसोबत येणारी ती रबरी बोटभर अँटेना म्हणजे नाइलाज, खिशात मावते एवढाच तिचा गुण.

एफएमवर, म्हणजे दोन मीटर आणि सत्तर सेंटीमीटरवर बोलायच्या नेहमीच्या पद्धतीत, सगळे अँटेना उभी ठेवतात, तुम्हीही ठेवा. एकाची उभी आणि एकाची आडवी असेल तर सिग्नल भलताच पडतो.

एचएफला डायपोल. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, पूर्ण लांबी मीटरमध्ये. ७.१ साठी २०.१ मीटर, १४.२ साठी १० मीटरच्या आसपास. मधोमध कापून दोन भाग, मध्ये १:१ बालुन (तार आणि केबल जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर), तिथून केबल खाली. एकच खांब असेल तर मध्य उंच आणि दोन्ही टोकं खाली, उलट्या व्हीसारखी. मधोमध खांब उभा करायला जागाच नसेल तर टोकाकडून फीड केलेली साधारण २० मीटरची तार आणि ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, यावर ४०, २०, १५ आणि १० मीटर चारही बँड निघतात. पुस्तकं म्हणतात अर्धी वेव्ह उंचीवर बांधा, ४० मीटर बँडला ते म्हणजे २० मीटर उंच, कोणाच्या बापाकडे एवढा खांब आहे? आठ-दहा मीटरवर बांधा. सिग्नल जास्त करून वर जाईल आणि वरून आसपासच्या काहीशे किलोमीटरवर पडेल, गप्पांसाठी तेच बरं.

आता जे गंभीरपणे घ्यायचं ते. अँटेना किंवा खांब पडला, कुठल्याही दिशेने पडला, तरी विजेच्या तारेला शिवणार नाही एवढं अंतर ठेवायचं, यात तडजोड नाही, हौशी लोक यात खरंच मेलेत. खांबाला अर्थिंग करा, केबल घरात शिरते तिथे लाइटनिंग अरेस्टर लावा, आणि ढग गडगडायला लागायच्या आधी केबल सेटपासून काढून ठेवा. अरेस्टर आहे म्हणून केबल लावून बसणारे माझ्या ओळखीत आहेत, मी नाही बसत.

केबल खाते ती पॉवर

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. बारीक आरजी-५८ ची २० मीटर केबल १४५ वर साधारण ४ डीबी खाते, म्हणजे ५० वॅट सोडलेत तर वर २० पोचतात. ४३५ वर तीच केबल ७ डीबीच्या वर खाते, ५० चे १० सुद्धा उरत नाहीत. जाड आरजी-२१३ ला ४३५ वर तेवढ्याच लांबीत ३ डीबी, म्हणजे निम्मे. एलएमआर-४०० च्या जातीची घेतली तर ३० वॅटच्या वर पोचतात. एचएफवर मात्र एवढं मनाला लावून घेऊ नका, तिथे आरजी-५८ सुद्धा २० मीटर लांबीला खपून जाते. थोडक्यात यूएचएफ असेल तर केबल जाड आणि आखूड, आणि जास्तीची केबल वेटोळं करून ठेवू नका, कापा.

आणि पाणी! माझी गोष्ट ऐका. गच्चीवर अँटेना लावली, पीएल-२५९ कनेक्टर, वरून साधी इलेक्ट्रिकची काळी टेप. पहिल्या दिवशी एसडब्ल्यूआर १.६. पावसाळ्यानंतर बघतो तर १.३, मग १.२, मी खूश, सगळ्यांना सांगत सुटलो की माझी अँटेना मुरतेय. फक्त लोक म्हणायला लागले की तुझा आवाज पडलाय. शेवटी वरचा कनेक्टर उघडला, आतून थेंबभर हिरवट पाणी ओघळलं, केबल वीतभर सोलली तर तांब्याची जाळी काळीठिक्कर, अजून वीतभर सोलली तरी काळीच. भिजलेली केबल पॉवर खात होती, जाताना पण आणि परत येताना पण, परत येणारी पॉवर मीटरपर्यंत पोचतच नव्हती म्हणून मीटर खूश दिसत होता. तेव्हापासून एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला की मला घाम फुटतो.

पीएल-२५९ मुळात वॉटरप्रूफ नाही. स्वतःत मिसळून जाणारी रबरी टेप मिळते, ती ताणून खालून वर गुंडाळायची म्हणजे पदर कौलांसारखे बसतात, तिच्यावर साधी टेप उन्हापासून बचावाला. आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, पाणी तिथून टपकेल, भिंतीत शिरणार नाही. केबल बांधायला काळ्या झिपटाय वापरा, पांढऱ्या उन्हात वर्षभरात कडाकड तुटतात.

आता आला सेट

हँडी, मोबाइल आणि एचएफचा बेस सेट असे तीन प्रकार धरा. पहिला सेट म्हणून हँडी घेतलात तर हरकत नाही, बाओफेंग यूव्ही-५आर नाहीतर क्वानशेंग यूव्ही-के५ ने सुरुवात करणारे रग्गड आहेत, शिकायला, बिघडवायला, उघडून बघायला ठीक. फक्त एक लक्षात ठेवा, स्वस्तातल्या हँडीचा रिसीव्हर साधा असतो, त्याला गच्चीवरची मोठी अँटेना जोडली की आजूबाजूचे ताकदवान ट्रान्समीटर आत घुसून तो बहिरा होतो. म्हणजे अँटेना मोठी केली आणि ऐकू कमी यायला लागलं असं घडू शकतं. तसं झालं तर अँटेनाला दोष देऊ नका.

घरात बसून बोलायचं असेल तर मी मोबाइल सेट सुचवतो, मोबाइल म्हणजे गाडीत लावायचा, २५ ते ५० वॅटवाला. रिसीव्हर चांगला, स्पीकर मोठा, बटणं बोटाला सापडतात. हँडीच्या बाबतीत जादा बॅटरी सहज मिळते का आणि अँटेनाचा कनेक्टर कुठला ते बघा. एसएमए नावाचे छोटे कनेक्टर दोन्ही जातीचे असतात, काही सेटवर पिन, काहींवर भोक, अँटेना मागवताना निम्मे लोक इथेच फसतात.

डिजिटलचा मोह सुरुवातीला आवरा. डीएमआर, डी-स्टार आणि यासूचं सी४एफएम, तीन वेगळ्या भाषा, एकाचा सेट दुसऱ्याशी बोलत नाही. तुमच्या टापूत कोणता रिपीटर आहे ते ऐकून मगच.

एचएफमध्ये आयकॉमचा आयसी-७३००, १०० वॅट, पडद्यावर सगळा बँड धबधब्यासारखा दिसतो, हा बऱ्याच जणांचा पहिला "खरा" सेट. शियेगूचा जी९० म्हणजे २० वॅट पण आत अँटेना जुळवून घेणारा ट्यूनर आहे, सामान घेऊन डोंगरावर जाणाऱ्यांना सोयीचा. २० वॅटमध्ये काय होतंय असं म्हणू नका. २०१७ मध्ये नोबेलविजेते जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ ही डिजिटल पद्धत आणली, १५-१५ सेकंदांच्या पाळीने कॉम्प्युटर बोलतो, आणि कानाला ऐकूही न येणारा सिग्नल वाचून दाखवतो. ५ वॅट आणि एक तार, दुसऱ्या खंडात पोचतं. गप्पा नाहीत त्यात, नुसती हजेरी, मला स्वतःला थोड्या वेळाने कंटाळा येतो, पण अँटेना कुठपर्यंत जातेय हे तपासायला याच्यासारखं साधन नाही.

सेकंडहँड घेताना विकणाऱ्याच्या घरी जा, डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर, पुढे येईलच) सोबत न्या, प्रत्येक बँडवर ट्रान्समिट करून पॉवर बघा, पंखा ऐका, माइकची वायर मुळाशी वाकवून बघा. आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. जळका वास पुसता येत नाही.

करंट

मोबाइल आणि एचएफ सेटना १३.८ व्होल्ट लागतात. ५० वॅटचा सेट बोलताना १०-१२ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा एचएफ २० च्या वर. म्हणून सप्लाय अनुक्रमे १५ आणि २५-३० अँपिअरचा. वायर बारीक असेल तर एक गंमत होते, सेट ऐकताना मस्त चालतो आणि पीटीटी दाबलं रे दाबलं की बंद पडून परत चालू होतो. माझा आठवडाभर व्हायचा, मी सॉफ्टवेअर बदलत बसलो होतो आणि घोडं पेंड खात होतं दीड मीटर लांब बारीक वायरीत. सेटसोबत येणारी जाड वायरच वापरा, फ्यूज काढून टाकू नका, बॅटरीवर चालवत असाल तर फ्यूज बॅटरीच्या जवळच्या टोकाला. बॅटरी घ्यायची तर चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्टची, या कामाला हलकी आणि बरी. लाल-काळं जोडायच्या आधी मल्टिमीटर लावा, दर वेळी, तुम्हाला शंभर टक्के खात्री असली तरी.

जोडणीचा क्रम

सगळं टेबलावर मांडून झालं की हा क्रम. अँटेना नको, आधी डमी लोड लावा, तो ५० ओहमचा जाडजूड रेझिस्टर असतो, पॉवर पिऊन गरम होतो, बाहेर जवळजवळ काही सोडत नाही. सेट लो पॉवरवर. पीटीटी दाबा, एसडब्ल्यूआर १ च्या आसपास यायलाच हवा. नाही आला तर सेट, मीटर किंवा मधली छोटी वायर, यातच गडबड आहे, गच्चीवर चढायची गरज नाही. मग डमी लोड काढून अँटेनाची केबल लावा, अजून लो पॉवरच. १.५ ला फक्त ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११, ३ ला २५. दोनच्या आत असेल तर खुशाल बोला, १.४ चा १.१ करायला आयुष्य घालवू नका. तीनच्या वर गेला तर थांबा. आणि अँटेना किंवा डमी लोड यापैकी काहीच न लावता ट्रान्समिट करू नका, सेटमधला पॉवर देणारा फायनल ट्रान्झिस्टर जातो.

नॅनोव्हीएनए नावाचा खिशात मावणारा मीटर घेतलात तर ट्रान्समिट न करताच सगळा आलेख दिसतो. फक्त मोजायच्या आधी ओपन, शॉर्ट, लोड ही कॅलिब्रेशनची तीन टोपणं लावायला विसरू नका, नाहीतर आलेख सुंदर आणि खोटा.

प्रोग्रामिंग, म्हणजे जिथे सगळे अडकतात

रिपीटरसाठी तीन गोष्टी लागतात. तो बोलतो ती फ्रिक्वेन्सी, आपण किती अंतर सोडून बोलायचं ते (ऑफसेट), आणि टोन. उदाहरण म्हणून, रिपीटर १४५.७०० वर बोलतो, ऑफसेट उणे ६०० किलोहर्ट्झ, म्हणजे आपला सेट १४५.१०० वर बोलेल, आणि सोबत ८८.५ हर्ट्झचा बारीक टोन पाठवेल जो कानाला जाणवत नाही. टोन नाही तर रिपीटर दार उघडत नाही. मी पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी खिडकीत उभा राहून कॉलसाइन देत होतो, सगळे ऐकू यायचे, मला कोणीच उत्तर देत नव्हतं, मला वाटलं नवखा म्हणून शिष्टपणा करतायत. टोन लावला नव्हता. लावल्या दिवशी तिघांनी एकदम उत्तर दिलं. दुसरी चूक म्हणजे टोन रिसीव्हला पण लावून ठेवणं, मग रिपीटर स्वतः टोन पाठवत नसेल तर तुमचा सेट गप्प. सुरुवातीला फक्त पाठवायचा टोन लावा.

कॉम्प्युटरवरून भरायचं तर चर्प हे फुकट सॉफ्टवेअर पुष्कळ मॉडेलांना चालतं. आधी सेटमधून सगळं वाचून घ्या, ती फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा, मगच बदल करा. केबल ओळखतच नसेल तर बहुतेक वेळा आतली चिप नकली असते आणि नवा ड्रायव्हर तिला नाकारतो. बऱ्याच हँडीत केबलचा प्लग पूर्ण आत बसत नाही, जोर लावून टक् आवाज येईपर्यंत दाबावा लागतो, मी तर सेटचं प्लास्टिक जरा तासलं होतं.

बाकी सेटिंग पटापट. टाइमआउट तीन मिनिटं, म्हणजे सेटवर चुकून बसलात तरी अख्खा रिपीटर अडकणार नाही. वाइड की नॅरो, म्हणजे आवाजाचा चॅनेल रुंद की अरुंद, ते रिपीटरप्रमाणे, चुकीचं असेल तर आवाज एकतर बारीक येतो नाहीतर फाटतो. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारं सेटिंग) खालच्या आकड्यावर. व्हॉक्स, म्हणजे आवाजावर आपोआप ट्रान्समिट, बंद, नाहीतर खोकलात तरी ट्रान्समिट होतं. बटण दाबल्यावरची टुणटुण तर पहिल्याच दिवशी बंद करा, घरच्यांच्या आशीर्वादासाठी.

पहिला कॉल

माइक तोंडापासून चार बोटं, जरा तिरका, फुंकर थेट जाऊ नये म्हणून. पीटीटी दाबा, सेकंदभर थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि तो नेमका कॉलसाइनचा असतो. रिपीटरवर नुसतं कॉलसाइन आणि "ऐकतोय" पुरतं, एचएफवर सीक्यू सीक्यू, म्हणजे कोणीही उत्तर द्या. अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली करून सांगायची सवय घरी गाड्यांच्या नंबरप्लेट वाचून लावा. समोरचा फाइव्ह नाइन म्हणाला तर आवाज स्पष्ट आणि ताकदवान, सेव्हन्टी थ्री म्हणाला तर निरोप घेतोय. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे मिळालं, एवढ्यावर महिना निघतो. पहिल्या दिवशी तोंड सुकतं, मी माझंच कॉलसाइन उलटसुलट सांगितलं होतं, समोरच्या म्हाताऱ्या माणसाने हसून "सावकाश, ओव्हर" एवढंच म्हटलं.

खरखर

एचएफवर सगळं नीट असून नुसती खरखर येत असेल तर चोर बहुतेक घरातच आहे. सेट बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज खाली गेला? मग एकेक सर्किट चालू करत जा, कुठलातरी चार्जर, एलईडी दिवा नाहीतर सोलरचा इन्व्हर्टर सापडतो. माझ्याकडे टेबललॅम्पचा बोटाएवढा अ‍ॅडॉप्टर होता, ४० मीटर बँड त्याने एकट्याने बुडवला होता. बदलता येत नसेल तर त्याच्या वायरीचे पाचसात वेढे एचएफला चालणाऱ्या फेराइटच्या कड्यातून घ्या, ३१ नंबरचं मिक्स मागा. उलटंही होतं, तुम्ही बोलता आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून बगळा ओरडल्यासारखा तुमचाच आवाज येतो. तेव्हा आधी पॉवर कमी करून बघा, मग केबलच्या सेटकडच्या टोकाला फेराइट.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. कोणाशी बोललो ते लॉग कॉम्प्युटरवरही राहतं, पण वहीत अँटेना लावली त्या दिवसाचा एसडब्ल्यूआर बँडच्या दोन टोकांना आणि मध्ये किती होता ते लिहा, लो आणि हाय पॉवरवर मीटरने किती वॅट दाखवले ते, आणि रोज ऐकू येणाऱ्या एखाद्या लांबच्या स्टेशनचा काटा कुठे असतो ते. सहा महिन्यांनी परत मोजा. आकडे तेच असतील तर गच्चीवर जाऊ नका. बदलले असतील, आणि विशेषतः सुधारले असतील, तर पाना घ्या आणि सगळ्यात वरचा कनेक्टर आधी उघडा.